बिजागरीचं कौतुक

आमच्या लहानपणी घरातल्या बहुतेक वस्तू दिवसा एक आणि रात्री दुसरंच काहीतरी असायच्या. दिवसा ज्यावर पाहुणे बसायचे, त्यावर रात्री काका झोपायचे. पत्र्याची ट्रंक सकाळी ट्रंक असायची, संध्याकाळी अभ्यासाचं टेबल व्हायची आणि गणपतीत तिच्यावर चादर टाकली की मखराचा चौथरा. घोंगडी चौपदरी घालून तिच्यावर जुनं धोतर पसरलं की इस्त्रीचं टेबल तयार. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं राहायची म्हटल्यावर प्रत्येक कामाला वेगळी वस्तू हा विचार कुणाच्या मनालाही शिवत नसे. यात कसलीही कलात्मकता नव्हती. जागा नव्हती, एवढंच. पुढे जरा बरे दिवस आले तेव्हा सोफा-कम-बेड आला. त्याच्यावर बसलं की पाठ दुखायची, झोपलं की कंबर; पण तो आला त्या दिवशी शेजारचे बघायला आले होते आणि वडिलांनी तो प्रत्येकाला उघडून-मिटून दाखवला होता.

आता लॅपटॉपच्या दुकानात तेच चालतं. विक्रेता पोरगा मान तिरकी करून म्हणतो, "हे बघा काका, पूर्ण मागे वळतं," आणि स्क्रीन मागे नेत नेत पार पाठीला टेकवतो. लॅपटॉपचा टॅब्लेट झालेला असतो. तो मग उलटा करून तंबूसारखा उभा करतो, मग कीबोर्ड पालथा घालून स्क्रीन आपल्याकडे करतो. एक यंत्र आणि त्याची चार आसनं. लेनोवोने २०१२ साली असा लॅपटॉप बाजारात आणला, तेव्हा त्याचं नाव 'योगा' ठेवलं ते उगाच नाही. आम्ही आजूबाजूचे सगळे बघत उभे राहतो आणि मनातल्या मनात ती बिजागरी आपणही एकदा फिरवून पाहतो. फरक इतकाच, की आमच्या घरात आता जागा आहे. खिशात फोन आहे, भिंतीवर टीव्ही आहे, टेबलावर जुना पण धडधाकट लॅपटॉप आहे आणि कपाटाच्या खणात मुलाने टाकून दिलेला एक टॅब्लेट बॅटरी फुगून पडलेला आहे. तेव्हाचं जोडकाम टंचाईतून आलं होतं, आताचं सुबत्तेतून आलं आहे. तेव्हा एका वस्तूने दोन वस्तूंची जागा वाचवली. आता दोन वस्तूंचं काम करणारी ही तिसरी वस्तू त्या दोघींच्या शेजारी येऊन बसते.

आमच्या पिढीचा खरा टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला. आखातातून कुणाचा तरी मामा तो घेऊन यायचा. त्या जोडणीला अर्थ होता. रेडिओवर लागलेलं गाणं त्याच पेटीतल्या कॅसेटवर पकडता यायचं. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा रेकॉर्ड आणि प्ले या दोन बटणांवर दोन बोटं ठेवून आम्ही श्वास रोखून बसायचो. निवेदकाचं शेवटचं वाक्य संपायच्या आत बटणं दाबायची, घरात कुणी खोकायचं नाही. जे पकडलं जायचं त्यात अर्धी खरखर, एक कुत्र्याचं भुंकणं आणि शेवटचं कडवं कापलेलं. आवाज भिकार होता, हे आज त्या कॅसेटी ऐकल्या तर कुणालाही कळेल. फीत गुंतायची, मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं. आणि एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जायची. कॅसेटचा पट्टा तुटला म्हणून आठवडाभर बातम्याही बंद. पण दुरुस्तीला जायची, हे महत्त्वाचं. नाक्यावर दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडे चार स्क्रू काढायचा स्क्रू-ड्रायव्हर होता आणि आत काय आहे ते आपल्याला उभं राहून बघता यायचं.

आताच्या यंत्रात स्क्रू दिसतच नाहीत. पातळपणासाठी बॅटरी चिकटवलेली, मेमरी मूळ पट्टीवरच डाख देऊन बसवलेली. टॅब्लेटसारख्या यंत्रात तर सगळा संसार स्क्रीनच्या मागे असतो, म्हणजे काहीही करायचं तर आधी काच उचकटायची. मायक्रोसॉफ्टचा पहिला सर्फेस प्रो २०१३ साली 'आयफिक्सिट'च्या मंडळींनी खोलून पाहिला, तेव्हा आत नव्वदहून अधिक स्क्रू आणि भरपूर गोंद निघाला. दुरुस्तीच्या सोयीबद्दल त्यांनी त्याला दहापैकी एक गुण दिला. अलीकडच्या यंत्रांत परिस्थिती सुधारली आहे, निदान साठवणीची चिप तरी बदलता येते. पण ज्या बिजागरीचं एवढं कौतुक, तिच्यातूनच स्क्रीनकडे जाणारी नाजूक केबल जाते, आणि रोज तीनशे साठ अंशांत वळायचं म्हटल्यावर तिचंही वय होणारच. ओळखीतल्या एकाची बिजागरी सैल झाली, तेव्हा दुरुस्ती केंद्रात त्याला सांगण्यात आलं की अख्खा वरचा भागच बदलावा लागेल. आकडा ऐकून त्याने यंत्र एकाच आसनात ठेवायचं ठरवलं. आता ते लॅपटॉप म्हणून सुखाने नांदतं आहे.

खरं तर टॅब्लेट आमच्या हातात सगळ्यात आधी आला होता. लाकडी चौकटीची काळी पाटी. तिला वीज लागत नसे, पासवर्ड नसे, आणि ती एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने लिहिता येई. कारण तिच्यात फक्त पाटीच होती. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. आदल्या दिवशी ती कोळसा घासून धुवायची, सकाळी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, आणि त्या दिवशी अभ्यास नाही. एरवीचे दिवस मात्र एवढे मंगल नसत. ओलं फडकं घरी विसरलं की थुंकीने पाटी पुसायची आणि सरस्वती कोपेल म्हणून बाईंचा धपाटा खायचा. खडूपेन्सिलीचा तो कर्रर आवाज आठवला तरी अजून दात शिवशिवतात. आणि पाटीला स्मरणशक्ती शून्य. घरी दाखवायला म्हणून जपून आणलेला 'शाब्बास' रस्त्यात दप्तराला घासून पुसला जायचा, आणि आईचा त्यावर विश्वास बसायचा नाही.

आताची पाटी काहीच विसरत नाही, पण ती एका हातात मावत नाही. नुसता आयपॅड साधारण अर्ध्या किलोचा. योगाचं पहिलं तेरा इंची यंत्र दीड किलोच्या आसपास होतं. आता हलकी निघाली, तरी टॅब्लेट झालेल्या लॅपटॉपच्या पाठीवर त्याचा स्वतःचा कीबोर्ड असतोच. पलंगावर पडून पुस्तक वाचायचं म्हणून घेतलेलं हे प्रकरण दहा मिनिटांत छातीवर येतं. खाली बोटांना उलट्या कळा लागतात. त्या दाबल्या तरी काही होत नाही, यंत्र तेवढं शहाणं आहे. पण आपण कुणाचे तरी दात धरून बसलोय असं वाटत राहतं. कूस बदलली की पान आडवं होतं, सरळ झालो की उभं. दसऱ्याला घरच्या यंत्रांची पूजा करताना या टॅब्लेटला हळदकुंकवाचं बोट लावलं तर तो जागा होऊन पासवर्ड मागतो. आमच्या घरी आता कुंकू त्याच्या मागच्या बाजूला लावतात.

संगणक आणि पाटी एक करायची ही कल्पना कुणाला काल-परवा सुचलेली नाही, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष नव्या पिढीवर जायचा. संगणकशास्त्रज्ञ अॅलन के यांनी १९७२ सालीच मुलांच्या हातात मावेल अशा वहीएवढ्या संगणकाचं, 'डायनाबुक'चं, स्वप्न कागदावर मांडलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्पॅकने कीबोर्ड वेगळा होणारा, पेनने चालणारा 'कॉन्सर्टो' काढला. आयबीएमने २००१ मध्ये 'ट्रान्सनोट' नावाचं एक लोभस यंत्र आणलं: पुस्तकासारखं उघडायचं, एका बाजूला स्क्रीन आणि दुसऱ्या बाजूला चक्क कागदाची वही. कागदावर शाईने लिहायचं आणि ते अक्षर त्याच वेळी संगणकात साठायचं. डावखुऱ्यांसाठी उलट मांडणीसुद्धा होती. एवढा विचार केलेलं यंत्र वर्षभरात बंद पडलं. त्याच सुमाराला बिल गेट्स यांनी भाकीत केलं की पाच वर्षांत अमेरिकेत विकला जाणारा सर्वांत लोकप्रिय संगणक टॅब्लेट स्वरूपाचा असेल. पाच वर्षं गेली, दहा गेली. २०१० साली आयपॅड आला, पण तो संगणक नव्हता आणि गेट्स यांच्या कंपनीचाही नव्हता.

अॅपलवाल्यांनी तर या जोडकामाची मनसोक्त थट्टा केली. स्टीव्ह जॉब्ज यांनी २००७ मध्ये पेनची टर उडवली होती; २०१० मध्ये त्यांनी सांगितलं की उभ्या स्क्रीनला हात लावून काम करायचं म्हटलं तर हात गळून पडेल. (फळ्यावर सलग तीन तास अपूर्णांक लिहिणाऱ्या आमच्या गुरुजींना हे कुणी सांगितलं नव्हतं, हे बरं.) टिम कुक २०१२ मध्ये म्हणाले की टोस्टर आणि फ्रीज एकत्र करता येईल, पण ते गिऱ्हाइकाला आवडणार नाही. आणि २०१५ साली त्याच कंपनीने आयपॅडला पेनही दिलं आणि कीबोर्डही. २०२० मध्ये त्याला ट्रॅकपॅडसुद्धा जोडला. टोस्टर फ्रीजला जाऊन चिकटला तो असा.

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये उलट्या बाजूने उडी घेतली. विंडोज ८ आलं आणि बोटाने चालवायच्या नादात डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटणच काढून टाकलं. आमच्या पिढीतल्या किती तरी जणांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात, नोकरी टिकवण्यासाठी, चाळिशीनंतर संगणक शिकला होता. वहीत पहिलं वाक्य लिहून घेतलं होतं: आधी स्टार्टवर क्लिक करा. ते वाक्यच एका सकाळी रद्द झालं. वर्षभराने ते बटण परत आलं. दरम्यान सर्फेस आरटी नावाचा टॅब्लेट इतका पडून राहिला की कंपनीला ९० कोटी डॉलर बुडीत धरावे लागले. आम्हाला पैशांचं सोयरसुतक नव्हतं. बटण परत आलं याचा आनंद मात्र अगदी घरचा होता.

आता पेनाकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणात मन गुंततं ते पेनातच.

शाळेत बॉलपेनला बंदी होती. अक्षर बिघडतं म्हणे. त्यामुळे शाईचं पेन, आणि त्या पेनाचा रविवार. कोमट पाण्यात निब आणि जीभ बुडवून ठेवायची, पाण्यात निळे धागे सुटताना बघत बसायचं, मग वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडून वाळवायचे, ड्रॉपरने कॅमलची शाई भरायची आणि उरलेला थेंब डोक्याला पुसायचा. पेन कुणाला उसनं द्यायचं नाही, कारण निब आपल्या हाताला वळलेली असते, दुसऱ्याने लिहिलं की ती बिघडते. हे शास्त्र कितपत खरं होतं देव जाणे, पण पेन न देण्याला ते फार उपयोगी पडायचं. आणि हे सगळं करून काय, तर मधल्या सुट्टीत खिशावर जांभळं फूल उमटलेलं असायचं. परीक्षेत ऐन वेळी पेन झटकताना पुढच्याच्या सदऱ्यावर ठिपके उडायचे. कागद निकृष्ट असला की अक्षर मागच्या पानावर फुटायचं. टिपकागद आठवून आज डोळे ओले करणाऱ्यांनी तो का लागायचा, तेही आठवावं.

आताचं पेन गळत नाही. आणि इथे मी पक्ष बदलतो, कारण या बहुरूपी यंत्राचं खरं बळ बिजागरीत नसून या पेनात आहे. तळहात काचेवर टेकला तरी यंत्राला कळतं की हा हात आहे, ही लेखणी. जोर देऊन लिहिलं तर रेघ जाड, हलकं लिहिलं तर बारीक; चार हजारांवर पातळ्यांचा दाब त्याला ओळखता येतो. आमच्या मास्तरांना जेमतेम दोन पातळ्या कळायच्या, गिचमिड आणि सुवाच्य. मुख्य म्हणजे मराठी. कीबोर्डच्या कळांवर देवनागरी छापलेली नसते, इन्स्क्रिप्ट पाठ करावा लागतो, आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना 'ळ' आणि 'ण' दर वेळी विनवणी करून घेतात. पेन हातात घेतलं की 'ळ' नुसता काढायचा. गूगलचा हस्ताक्षराचा कीबोर्ड तो ओळखतो आणि छापील अक्षर समोर ठेवतो. फार वाईट अक्षर त्यालाही लागत नाही. ते आमच्या मास्तरांनाही लागत नव्हतं.

गणिताच्या शिक्षकांना विचारा. २०२० च्या टाळेबंदीत शाळा स्क्रीनवर आल्या, तेव्हा ज्यांच्याकडे साधा लॅपटॉप होता त्यांनी माउसने अपूर्णांक काढायचा प्रयत्न केला आणि वर्गमूळाचं चिन्ह बघून मुलं हसली. काहींनी पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून खाली वही धरली. ज्यांच्याकडे पेनवाला लॅपटॉप होता त्यांनी स्क्रीन पाठीमागे वळवली, टेबलावर सपाट ठेवली आणि फळ्यावर लिहावं तसं लिहीत गेले. शरीररचनेच्या आकृत्या काढणारे वैद्यकीचे विद्यार्थी, मुद्रितं तपासणारे संपादक, नकाशावर खुणा करणारे वास्तुरचनाकार, या मंडळींना या यंत्राची थोरवी मी सांगायला नको. आमच्या काळात वहीतली आकृती चुकली की पान फाडायचं आणि त्याबरोबर वहीचं मागचं पानही निखळायचं. आता दोन बोटांनी टिचकी मारली की चूक झालीच नव्हती.

पण पेनाचेही कुळाचार आहेत. एका कंपनीचं पेन दुसऱ्याच्या काचेवर चालेलच असं नाही. वेगवेगळी तंत्रं आहेत, त्यांची रोटीबेटी जुळत नाही. म्हणजे पेन उसनं न देण्याचं आमचं जुनं शास्त्र अखेर खरं ठरलं. शिवाय ते बहुतेक वेळा वेगळं विकत घ्यावं लागतं, त्याला यंत्रात खोबण असेलच असं नाही, आणि चुंबकाने कडेला चिकटवलेलं पेन पिशवीत हमखास सुटतं. काही पेनांना असा सेल लागतो की तो पेन्सिल सेलहून बारीक, रिमोटच्या सेलहूनही बारीक. वाण्याकडे मागितला तर तो आपल्याकडे सहानुभूतीने बघतो. हरवलं तर दोन-तीन रुपयांत दुसरं घ्यायचं, ही गोष्ट मात्र निब-जिभेबरोबर गेली.

टंकलेखनाचं काय झालं, तेही थोडक्यात. दहावी झाली की टायपिंगच्या क्लासला घालायची पद्धत होती. जिना चढता चढताच तो खडखडाट ऐकू यायचा. मराठीचं यंत्र आणखी कष्टाचं: अर्धं अक्षर एका कळीवर, काना दुसरीवर, अक्षर जणू सुतारकाम करून जोडायचं. करंगळीला ताकद पुरायची नाही. तीन प्रती हव्या तर कार्बन घालून ठोकायचं, आणि चूक झाली तर तिन्ही प्रतींत खोडायचं. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात २००९ मध्ये ते थांबवलं. आम्ही तेव्हा हळहळलो. पुन्हा त्या यंत्रावर बसायला सांगितलं असतं तर आमच्यातला एकही बसला नसता.

आताचे कीबोर्ड मऊ आहेत, नि:शब्द आहेत आणि कीबोर्ड सुटा होणाऱ्या यंत्रांत तर फार पातळ आहेत. जाहिरातीत ते जोडलेले दिसतात, बिलात ते वेगळे असतात. कीबोर्ड काढून ठेवला तर काचेवरचा कीबोर्ड उगवतो आणि निम्मा कागद झाकून टाकतो. लिहिलेलं वाचायचं की लिहायचं, एक काय ते ठरवा. त्यात आपली बैठक वेगळी. मागे टेकू लावून उभी राहणारी यंत्रं टेबल-खुर्चीच्या देशात घडली. सतरंजीवर मांडी घालून बसलं की त्यांचा टेकू पोटरीत रुततो, आणि सुट्या कीबोर्डवर तोललेली जड काच मागच्या मागे आडवी होते. आजोबांचं उतरत्या फळीचं बैठं डेस्क या कामाला नामी होतं. दुरुस्त करायचं म्हणून ते माळ्यावर गेलं आणि माळ्यावरून भंगारात. मांडीवरच काम करायचं असेल, तर निदान पक्क्या बिजागरीचं यंत्र पडत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. आणि तंबूचं आसनही. ओट्यावर तंबू करून अनारशांची कृती लावली की कळा पिठापासून दूर राहतात आणि जागा हातभर पुरते.

खरी हळहळ मात्र यातल्या कशाचीच नाही. ती आहे उठण्याची.

पूर्वी काम बदललं की वस्तू बदलायची आणि वस्तू बदलायची तर माणसाला उठावं लागायचं. लिहायला टेबलाशी, वाचायला खिडकीशी, गाणी ऐकायला कपाटाजवळ. पहिला संगणक आला तेव्हा तर त्याच्यापाशी जायचा विधीच होता. संस्थेच्या संगणक कक्षाबाहेर चपलांची रांग असायची, देवळाबाहेर नसेल इतकी नीट. घरी आला तेव्हा त्याला प्लॅस्टिकचं आवरण होतं, वर आईने विणलेला रुमाल. आवरण काढायचं, घडी घालायची, यूपीएसचा टूं ऐकायचा, मग चहा टाकावा इतका वेळ तो उठायला घ्यायचा. काम झालं की रीतसर बंद करायचा. काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत आता बंद करायला हरकत नाही अशी परवानगी यायची, मग बटण, मग आवरण, मग रुमाल. रुमाल पडला की ऑफिस संपलं. भारनियमनात अर्ध्यावर गेलेली कामं, फ्लॉपी उघडत नाही म्हणून झालेली रडारड आणि पाठीमागून येणारी 'झालं का तुझं?' ही हाक, हे सगळं त्या रुमालाखाली होतं, ते मी विसरलेलो नाही.

आता काम बदललं की यंत्रच अंग मोडून दुसऱ्या आसनात जातं आणि माणूस जागचा हलत नाही. कळांवर पत्र लिहून झालं, स्क्रीन वळवली, सिनेमा लागला. सिनेमाच्या मध्येच पत्राचं उत्तर आलं, स्क्रीन पुन्हा वळवली. ते बंद होत नाही, झोपतं फक्त, आणि आपल्या आधी जागं होतं. विंडोज ११ मध्ये टॅब्लेटसाठीची वेगळी अवस्था निवडायचीही सोय काढून टाकली. बिजागरी वळली की ते आपलं आपण ओळखतं. सोय म्हणून हे उत्तमच आहे. पण काम आणि आराम यांच्यामध्ये चार पावलांचं अंतर होतं, ते आता बिजागरीएवढं झालं.

तरी कुणी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. आमच्या वडिलांनाही कुणीतरी सोफा-कम-बेड घेऊ नका म्हणून सांगितलं होतंच. माझं मत एवढंच: हाताने लिहिणं, आकृत्या काढणं, दुसऱ्याच्या लिखाणावर खुणा करणं हे तुमचं रोजचं काम असेल, तर हे यंत्र घ्या, पैसे वसूल होतील. नुसतं टंकलेखन असेल, तर त्याच किमतीत न वळणारा लॅपटॉप जास्त ताकदीचा मिळतो. नुसतं वाचन आणि सिनेमे असतील, तर साधा टॅब्लेट हलका आणि स्वस्त. घरात एक चालता लॅपटॉप असेल, तर बिजागरीच्या मोहापायी तो माळ्यावर टाकू नका.

आणि दुकानात गेलात, तर विक्रेत्याच्या हातातली आसनं बघून निर्णय करू नका. यंत्र टॅब्लेट करून आपल्या डाव्या हातात घ्या आणि उभ्या उभ्या दहा मिनिटं धरून बघा. शक्य असेल तर मांडीवर ठेवून बघा. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी चालेल. पेनने चार ओळी मराठी लिहा, इंग्रजी सही नको. पेनचा सेल कुठे मिळतो आणि बिजागरी बिघडली तर काय बदलावं लागतं, ते विचारा. आणि सांगितलेल्या किमतीत कीबोर्ड आणि पेन धरलेत की नाही, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.